दुथडी भरून

"उद्या येताना दीड लिटर पाणी पिऊन या आणि लघवीला जाऊ नका." फोनवरच्या मुलीने हे 'आधार कार्ड आणा'च्या सुरात सांगितलं. आधार कार्डही आणायचं होतंच. पण ते पर्समध्ये मावतं.

मला विसावा आठवडा लागला होता. अठराव्या ते बाविसाव्या आठवड्यात बाळाची नखशिखांत तपासणी करतात, तिला अ‍ॅनॉमली स्कॅन म्हणतात. आमच्या घरी तिचं नाव 'मोठी सोनोग्राफी'. बाळाची मापं घेतात म्हटल्यावर समोरच्या ओट्यावरच्या जिजी म्हणाल्या, "मापं? आतेपासूनच कपडा शिवतस का?"

जिजींना खरं तर सोनोग्राफीचं काही कौतुक नाही. त्यांचं निदान तिसऱ्या महिन्यातच झालेलं आहे. मी पायरी चढताना उजवा पाय आधी टाकला, म्हणून आंडोर, म्हणजे आमच्या अहिराणीत मुलगा. मागच्या आठवड्यात मी डाव्या पायाने चढले, तर त्यांनी ते मोजलंच नाही. चप्पल तुटलेली होती, म्हणे.

निघालो तिघं: मी, हे आणि सासूबाई. आमचं गाव पारोळ्याकडे, सोनोग्राफी जळगावला, आणि महिना मे. पारा ४४ वर. या दिवसांत आमच्याकडे प्यायलेलं पाणी पोटात पोचायच्या आधी घाम होऊन पाठीवर येतं. शिवाय नळ आठवड्याने येणाऱ्या गल्लीत एकटीने दीड लिटर पाणी विनाकारण पिणं हे पापच. पण डॉक्टरांचा हुकूम. वेळ अकराची होती आणि पाणी तासभर आधी प्यायचं होतं, म्हणजे हिशेबाने बांभोरीच्या आसपास. सासूबाईंना मात्र कुठल्याही गोष्टीला उशीर होण्याची भीती. एसटीत बसल्या बसल्या त्यांनी पिशवीतून बाटली काढली. "पी माय, पी. डाक्टरनी सांगेल शे." एरंडोल यायच्या आत दोन बाटल्या संपल्या.

घामाने नेमका त्याच दिवशी संप केला.

एरंडोल ते जळगाव या रस्त्यावर किती गतिरोधक आहेत हे मला कुणीही विचारावं. मी प्रत्येकाला ओळखते. ड्रायव्हरला मात्र त्यातला एकही ओळखीचा नव्हता. पाळधी गेलं, बांभोरी आलं, बस गिरणेच्या पुलावर चढली. खाली नदी कोरडीठाक, नुसती वाळू. वर मी, दुथडी भरून. यांनी खिडकीतून बोट दाखवलं, "बघ, नदीत टिपूस नाही." मी बघितलं नाही. त्या अवस्थेत माणसाने पाण्याचा विचारही करू नये. शेजारच्या सीटवरच्या बाईंनी माझा ताणलेला चेहरा न्याहाळला आणि सासूबाईंना हळूच सांगितलं, "तोंडवर तेज शे. आंडेर शे." म्हणजे मुलगी. ते तेज कशाचं होतं ते मलाच माहीत. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, निदान फुकट!

सेंटरवर पोचलो तेव्हा पाचवा नंबर आत होता. माझा चौदावा. हॉलमध्ये भिंतीकडेने दहा-बारा जणी बसलेल्या, सगळ्या पायावर पाय घट्ट टाकून. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. कुणीतरी शिंकलं आणि त्या बिचारीकडे सगळ्यांनी करुणेने पाहिलं. कोपऱ्यातला कूलर गळत होता. टप. टप. टप. त्याखाली बादली लावणाऱ्याला मी कधीही माफ करणार नाही.

मग फॉर्म आला. फॉर्म एफ. नाव, नवऱ्याचं नाव, पत्ता, आधीची मुलं किती, त्यांत मुलगे किती, मुली किती. शेवटी माझं प्रतिज्ञापत्र, की मला गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही. त्याखाली सही. भिंतीवर पाटी: येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. या बाबतीत पहिला कायदा महाराष्ट्राने केला, १९८८ साली. देशाचा १९९४ साली झाला. तो का करावा लागला हे आमच्या जिल्ह्याने तरी विचारू नये. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या १,००० मुलग्यांमागे ८५० मुलीही नव्हत्या. मी सही ठसठशीत केली. सेंटरमधल्या एकूणएक मशीनची सरकारदरबारी नोंद असते. जिजींच्या डोळ्यांची नोंद कुठे करायची, तेवढं कायद्यात राहून गेलंय.

बाराला दहा कमी असताना माझं नाव पुकारलं. "सोबत एकच नातेवाईक." हे अर्धवट उठले, तोवर सासूबाई चपला काढून दारात. यांच्या हातात पर्स, फाइल आणि रिकाम्या बाटल्या राहिल्या.

खोलीत एसी. त्यात पोटावर थंडगार जेल. त्यात ते मशीनचं टोक नेमकं तिथेच दाबलेलं. मी छतावरच्या पंख्याची पाती मोजली. तीनच होती, लगेच संपली.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "अरे बापरे, ब्लॅडर किती भरलंय! एवढं पाणी कशाला प्यालात?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई दवाखान्यात शुद्ध बोलतात. "तुमच्याच पोरीने सांगितलं. फोनवर."

"ते पहिल्या तीन महिन्यांत लागतं हो. आता बाळाभोवती त्याचं स्वतःचं पाणी आहे. जा, थोडं रिकामं करून या. पूर्ण नको, अर्धं."

अर्धं! गिरणा धरणाला दरवाजे आहेत, एक उघडावा, दोन उघडावेत. इथे तशी सोय नाही. तरी मी काय प्रयत्न केले आणि मध्येच कशी थांबले, ते मी आणि देव जाणे.

परत आले तर बाळाने पाठ फिरवलेली. पाठीचा कणा सुरेख दिसत होता, बारीक मण्यांची माळ. पण तोंड दिसेना, ओठ दिसेना, हृदय नीट दिसेना. डॉक्टरबाईंनी पोट हलवलं, मला कुशीवर वळवलं. बाळ ढिम्म. सासूबाई पडद्याकडे बघत म्हणाल्या, "बापावर गेलंय. तोही रुसला की असाच भिंतीकडे तोंड करून पडतो." डॉक्टरबाईंनी सांगितलं, "बाहेर फिरा, गोड खा, अर्ध्या तासाने या."

मग मी जळगावच्या भर दुपारी जिन्यात वर-खाली फिरले. हे कुठूनतरी जिलबी घेऊन आले आणि सासूबाईंनी, सवयीने, वर पाणी पाजलं.

दुसऱ्या खेपेला बाळ वळलं होतं. डॉक्टरबाई एकेक बघत गेल्या: डोकं, ओठ, पोट, मांडीचं हाड. हृदयाशी आल्या आणि गप्प झाल्या. पडद्यावर काहीतरी फडफडत होतं. त्या बघत राहिल्या, टोक इकडे सरकवलं, तिकडे सरकवलं. पाच मिनिटं असतील, कदाचित दोनच. तेवढा वेळ मला पाणी आठवलं नाही, जिलबी आठवली नाही, काहीच आठवलं नाही. सासूबाईंनी माझा पाय घट्ट धरला होता, तो केव्हा धरला तेही कळलं नाही.

"चारही कप्पे छान आहेत," त्या म्हणाल्या. "ठोके १४८."

आणि मला एकदम पाणी आठवलं.

"ह्या दोन किडन्या. हा काळा गोळा दिसतोय ना, ते बाळाचं ब्लॅडर. भरलंय." मग थोड्या वेळाने, कौतुकाने, "आणि हे बघा, आत्ता केलं रिकामं! छान. भोवतीचं पाणी बरंचसं ह्याचंच असतं."

म्हणजे सकाळपासून एरंडोल, पाळधी, बांभोरी करत मी जीव मुठीत धरून बसले होते, आणि हे माझ्याच पोटात, माझ्याच पैशाने, एसीत, निवांत! वर डॉक्टरांची शाबासकी! मला हसू फुटलं. हसणं फार धोक्याचं होतं. "झालं का हो?" एवढंच विचारून मी टेबलावरून उतरले ती थेट धावलेच. जेल पुसायचं राहिलं ते राहिलंच.

परतीच्या एसटीत मी गिरणेकडे डोळे भरून पाहिलं.

संध्याकाळी गल्लीत शिरलो तर जिजी ओट्यावर तयार. मला वाटलं, आता सासूबाई खुलणार. गेले दोन महिने त्या स्वतःच मला चिंच हवी की पेढा हवा ते विचारत होत्या.

"काय शे वं?" जिजींनी विचारलं.

सासूबाईंनी पिशवी खाली ठेवली, पदर सारखा केला.

"तीनशे तीस ग्राम शे."

जिजी जरा विचारात पडल्या. "इतलंच? खावाले देस नही का तू तिले?"