बार्ज हळू चालते, हे मान्य, पण…

बार्जवरच्या, म्हणजे नदीतून माल नेणाऱ्या सपाट बुडाच्या नावांवरच्या, माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की बार्जचं कौतुक हे निव्वळ भावनिक वेड आहे: ताशी दहा किलोमीटरनं सरकणारा माल आज कोणाला परवडणार, आणि नदी आटली की सगळंच ठप्प. दुसऱ्या मुद्द्याकडे येतो. पहिला मात्र मला अजिबात पटत नाही.

घाई सगळ्याच मालाला नसते. औषधांना असते, मासळीला असते. खडी, कोळसा, गहू, खत आठ दिवसांनी पोहोचलं तरी चालतं. फक्त ठरलेला माल धक्क्याला लागत राहिला पाहिजे. आणि खरी बचत त्या हळू चालण्यातच आहे. पाण्याचा अवरोध साधारण वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वेग निम्मा केला की अवरोध चौथ्या हिश्शावर येतो. भार तर पाणीच पेलतं.

मिसिसिपीवरची एक बार्ज साधारण 1,500 टन माल घेते. अशा पंधरा बार्ज, तीन रुंदीला आणि पाच लांबीला, पोलादी दोरांनी करकचून आवळतात आणि मागून एकच बोट त्यांना ढकलते. जवळपास हजार ट्रकचा माल, एका बोटीच्या पुढ्यात! प्रत्येक बार्ज 35 फूट रुंद, म्हणजे तिघींचे 105 फूट. आणि ज्या लॉकमध्ये (दारं बंद करून पाण्याची पातळी वर-खाली करणाऱ्या कप्प्यात) शिरायचं त्याची रुंदी 110 फूट. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फूट. तीनशे मीटर पुढच्या टोकावर उभा असलेला खलाशी रेडिओवर भिंतीचं अंतर सांगत राहतो, आणि त्याच्या शब्दावर मागचा चालक हे सगळं धूड आत घालतो. मला हे काम फार मोठं वाटतं, ते मी लपवणार नाही.

आता पाण्याचं. मूळ लेखात मी हे एका ओळीत उरकलं, ते चुकलंच. 2018 च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीतल्या ऱ्हाईन नदीवर काउब गावाजवळच्या पाणीपातळी मापकानं 25 सेंटीमीटर दाखवले. (हा मापकावरचा आकडा, नदीची खोली त्याहून जास्त असते.) अशा वेळी जहाज बंद पडत नाही, अर्धंमुर्धं भरून चालवावं लागतं आणि दर टनाचं भाडं भडकतं. त्या धड्यानंतर रुंद, उथळ बुडाची जहाजं बांधली गेली. 2023 मध्ये आलेलं ‘स्टोल्ट लुडविग्सहाफेन’ हे जहाज काउबला 30 सेंटीमीटर असतानाही 800 टन नेऊ शकेल असं बांधलंय.

पण ज्या नदीत वर्षातले सहा महिने गुडघाभर पाणी असतं, तिथे बार्जसाठी गाळ उपसत बसू नका, हे तुमच्याबरोबर मीही म्हणेन.