चादर पारखतो तशी व्हिस्कीही पारखा

मंडळी, आज जरा लांबलचक लिहितोय. विषय व्हिस्कीचा आहे, तेव्हा ज्यांना नको असेल त्यांनी इथूनच रजा घ्यावी, राग नाही. जे घेत नाहीत त्यांनी घ्यावी असं मी कधीच म्हणणार नाही. पण जे घेतात, आणि बाटलीला तीन-चार हजार मोजून घेतात, त्यांच्याशी मला मनापासून बोलायचंय.

आपल्याकडे बैठकीत बाटली निघाली की पहिले दोन प्रश्न ठरलेले. स्कॉच आहे का? किती वर्षांची? "बारा वर्षांची, मालक, दुबईवरून आणलीय" असं उत्तर आलं की सगळ्यांच्या माना डोलतात. ती कशापासून केली, कुठे केली, कुठल्या लाकडात ठेवली, हे कुणी विचारत नाही. डबा हातोहात फिरतो, फोटो निघतो आणि मग ग्लासात अर्ध्याहून जास्त कोल्ड्रिंक ओतलं जातं. ती व्हिस्की करायला कुणाची तरी बारा वर्षं गेलेली असतात. मला हे बघवत नाही.

आणि हे कोण करतं? चादर घेताना दुकानदाराला घाम फोडणारी आपली माणसं! माझ्या मामांबरोबर आपल्या सोलापूरच्या चाटी गल्लीत जाऊन बघा. चादर हातात आली की ते आधी उलटी करतात. जकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, विणलेली चादर दोन्ही बाजूंनी बोलते, नक्षी तीच, फक्त रंगांची अदलाबदल. मग काठ बघतात, दशांच्या गाठी ओढून बघतात, चादर हातावर तोलतात. तरीही शंका राहिली तर दशीतला एक धागा तोडून काडीने पेटवतात. कॉटन असेल तर कागद जळाल्यासारखा वास येतो आणि राख बोटावर भुगा होते. पॉलिस्टर असेल तर धागा आक्रसतो आणि टोकाला कडक मणी उरतो. "मालक, हे मिक्स आहे, प्युअर दाखवा." दुकानदार निमूटपणे दुसरा गठ्ठा काढतो. सोलापुरी चादरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेलं आहे आणि त्या नावावर बाहेरचा माल खपतो, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक. नावाला न भुलता माल बघायचा, हे आपल्या रक्तात आहे. मग बाटलीपुढे ही नजर जाते कुठे?

माल बघायचा म्हणजे काय बघायचं, ते सांगतो. लेबलवर सिंगल माल्ट लिहिलं असेल तर ती फक्त माल्ट केलेल्या बार्लीची आणि एकाच डिस्टिलरीत झालेली. सिंगल म्हणजे एकच पिंप नव्हे, हा गैरसमज फार आहे. बार्ली भिजवून मोड आणायचे, मोड वाळवायचे, दळून गरम पाण्यात गोडवा उतरवायचा, यीस्ट घालून आंबवायचं. इथपर्यंत ती साधारण बिअरच. मग तांब्याच्या भांड्यातून बहुधा दोनदा ऊर्ध्वपातन. तांबं दिसायला छान म्हणून वापरत नाहीत, ते गंधकाचे उग्र वास धरून ठेवतं आणि मद्य स्वच्छ करतं. भांड्यातून निघतं ते पाण्यासारखं रंगहीन असतं. रंग आणि चवीचा मोठा वाटा ओकच्या पिंपातून येतो. अमेरिकेत बर्बनसाठी, म्हणजे तिथल्या मुख्यतः मक्याच्या व्हिस्कीसाठी, आतून जाळलेलं नवं पिंप लागतं, त्यामुळे एकदा वापरलेली पिंपं स्कॉटलंडला जातात आणि आपल्याकडेही येतात. रंगावरून मात्र फसू नका. स्कॉचमध्येही कॅरामेलचा रंग घालायला कायद्याने मुभा आहे, तेव्हा गडद म्हणजे जुनी हे समीकरण चुकीचं.

आता आपल्या नेहमीच्या क्वार्टरकडे या. भारतात व्हिस्की म्हणून जे खपतं त्यातल्या बऱ्याचशाचा पाया असतो उसाच्या मळीपासून काढलेलं बिनचवीचं अल्कोहोल. त्यात थोडं माल्ट, थोडा स्वाद आणि रंग. साखर कारखान्यांचा जिल्हा आपला, मळी आपल्याला नवी नाही. पण युरोपात नियम आहे की व्हिस्की धान्याचीच हवी, म्हणून मळीची बाटली तिथे व्हिस्की म्हणून विकता येत नाही. धान्याच्या अल्कोहोलवर केलेले ब्लेंडही आपल्याकडे आहेत. लेबलच्या मागची बारीक अक्षरं वाचायला अर्धा मिनिट लागतो. वाचा ना.

आणि ते वर्षांचं वेड. यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण इथे आपण आपल्याच मातीवर अन्याय करतो.

पिंपातली व्हिस्की लाकडातून उडत असते, त्याला एंजल्स शेअर, म्हणजे देवदूतांचा वाटा, म्हणतात. स्कॉटलंडच्या थंडीत वर्षाला साधारण 2 टक्के उडते. बंगळुरूला अमृत डिस्टिलरीत हेच प्रमाण 10 ते 12 टक्क्यांच्या घरात जातं. उष्णतेने मद्य लाकडात खोलवर शिरतं आणि सगळी देवाणघेवाण झपाट्याने होते. बारा वर्षं ठेवली तर पिंपात हाताला फार काही लागणारच नाही. म्हणून आपल्याकडच्या बहुतेक सिंगल माल्टवर वय लिहिलेलं नसतं, आणि ते लपवलेलं नसतं, हवामानाचा हिशेबच तसा आहे. हवा कोरडी असेल तर अल्कोहोलपेक्षा पाणी जास्त उडतं आणि मद्याची धार वाढते, दमट असेल तर उलटं. एप्रिल-मेमध्ये चाळिशी पार करणाऱ्या आपल्या सोलापूरच्या कोरड्या उन्हात एखादं पिंप ठेवलं तर काय होईल, याचा विचार मी बऱ्याचदा करतो.

अमृतची गोष्ट प्रत्येक मराठी माणसाला माहीत असायला हवी. 1948 साली ही कंपनी सुरू करणाऱ्यांचं आडनाव जगदाळे. 2004 मध्ये त्यांनी आपला सिंगल माल्ट आधी बाजारात आणला तो थेट ग्लासगोमध्ये, स्कॉचच्या घरात जाऊन! भारतातली बार्ली आणि स्कॉटलंडची पीटच्या (दलदलीतल्या जळाऊ मातीच्या) धुरावर वाळवलेली बार्ली एकत्र करून त्यांनी फ्यूजन काढली, 50 टक्के अल्कोहोलची, आणि व्हिस्कीचे समीक्षक जिम मरे यांच्या व्हिस्की बायबलने 2010 च्या आवृत्तीत तिला जगात तिसरा क्रमांक दिला. गोव्याची पॉल जॉन, हरियाणाची इंद्री, उत्तर प्रदेशची रामपूर या सगळ्या नंतर पुढे आल्या. तरी आपल्याकडे पाहुणा आला की "इंडियनच आहे" असं ओशाळून सांगतात. ओशाळायचं काय त्यात?

घ्यायची पद्धत म्हणाल तर फार सोपी आहे. उभट पोटाचा, तोंडाशी निमुळता ग्लास घ्या, ग्लेनकेर्न म्हणतात त्याला. नसेल तर लहान वाईन ग्लास चालेल. तीस मिली ओता. नाक आत खुपसू नका, नुसतं अल्कोहोल झोंबेल. तोंड किंचित उघडं ठेवून कडेवरून वास घ्या. मग चमच्याने चार-पाच थेंब साधं पाणी. स्वीडनच्या लिनीयस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी 2017 मध्ये संगणकावर मांडून दाखवलं होतं की पाणी घातलं की धुराच्या वासाचे रेणू पृष्ठभागाकडे सरकतात. माझ्या नाकाला ते आधीच पटलेलं होतं. 46 टक्के अल्कोहोल आणि नॉन चिल फिल्टर्ड, म्हणजे थंड करून न गाळलेली, असं लिहिलेली बाटली पाण्याने किंवा थंडीने जरा गढूळ झाली तर घाबरू नका, ती भेसळ नव्हे, स्वाद धरणारे स्निग्ध घटक गाळून टाकलेले नाहीत एवढंच.

चखण्याला शेंगा चटणी नको. शेंगा चटणी हा माझा जीव आहे, कडक भाकरी आणि दह्याबरोबर मी ती रोज खाईन. पण ती जिभेवर आली की व्हिस्की संपली. त्याऐवजी साधे भाजलेले शेंगदाणे घ्या. धुरकट माल्ट असेल तर बार्शीच्या वाटेने कुंथलगिरीचा पेढा मागवा आणि एक घास, एक घोट असं करून बघा.

बाटली उभीच ठेवा. वाईनसारखी आडवी ठेवली तर तेज अल्कोहोल बुचाला खातं. आणि शोकेसमध्ये, दुपारचं ऊन येतं तिथे तर अजिबात नको. मे महिन्यात कपाटाच्या तळाला, अंधारात. अर्ध्याखाली आलेली बाटली हवेने हळूहळू उतरते, काही महिन्यांत संपवा. बंद बाटलीत व्हिस्कीचं वय वाढत नाही, त्यामुळे आजोबांच्या काळातली म्हणून जपण्यात भावनेपलीकडे काही नाही.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगतो. मी सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत वाढलोय. पगाराच्या दिवशी संध्याकाळी कुठल्या घरात काय व्हायचं ते आम्ही पोरं भिंतीपलीकडून ऐकायचो. दारूने माग विकलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यामुळे पंचवीस वर्षांखालच्या पोरांना कायदाच नाही म्हणतो ते बरोबरच आहे, गाडीला हात लावायचा असेल तर थेंबही नको, आणि जे परवडत नाही ते तर नकोच. रोजच्या क्वार्टरवर महिनाभर जे जातं त्यात एक नीट बनवलेली बाटली येते आणि ती बरेच दिवस पुरते. माझं म्हणणं या हिशेबाचंच आहे.

हीच नजर बाकीच्या वस्तूंनाही लागते. गोव्याच्या जिन, पुण्याकडची मधाची मीड, नाशिकची वाईन, सगळ्यांचं तेच. पट्टा घेताना जेन्युइन लेदरच्या शिक्क्यावर जाऊ नका. चुरा चिकटवून केलेल्या पट्ट्याचे दोन वर्षांत पापुद्रे निघतात. कडेला अखंड चामडं दिसतं का बघा, वाकवून बघा. दाढीचा सेफ्टी रेझर पितळेचा किंवा स्टीलचा घ्या. हलक्या जस्ती मिश्रधातूवरचा मुलामा उडाला की आत कुजायला लागतं. पितळेचा माझ्यानंतर माझा मुलगा वापरेल, आणि पात्याला काही रुपयेच पडतात. कोल्हापुरीचं तर विचारूच नका. 2019 ला मिळालेल्या त्या जीआयमध्ये कोल्हापूर, सांगली, साताऱ्याबरोबर आपला सोलापूर जिल्हाही आहे, हे किती जणांना माहीत आहे? बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं ते चामडं. 2025 मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीने तशीच चप्पल मिलानला रॅम्पवर चढवली तेव्हा आपण सगळे संतापलो, योग्यच होतं. पण त्याच आठवड्यात आपल्यातल्या किती जणांच्या पायात रेग्झिनची होती?

शेवटी मनात बरेच दिवस घोळणारं बोलतो. ज्वारी. मंगळवेढ्याच्या मालदांडीला जीआय आहे, मालदांडी 35-1 हे वाण निघालं ते मोहोळला, आपल्याच जिल्ह्यात. चीनची जगप्रसिद्ध दारू माओताई मुख्यतः ज्वारीपासूनच होते. आफ्रिकेत ज्वारीला मोड आणून पिढ्यान्‌पिढ्या बिअर करतात. म्हणजे हे धान्य माल्ट होतं आणि त्याला स्वतःची चव आहे. मग मालदांडीची, तांब्याच्या लहान भांड्यात काढलेली, आपल्या उन्हात पिंपात मुरलेली व्हिस्की का असू नये? भाकरीचं धान्य दारूत घालायचं का, हा प्रश्न मला मान्य आहे आणि तो टाळून चालणार नाही. मला टँकर भरून बिनचवीचं अल्कोहोल काढणारा कारखाना नकोय. वर्षाला मोजकी पिंपं, ठरलेल्या शेतकऱ्यांची ठरलेली ज्वारी, बाजारापेक्षा चांगला भाव आणि लेबलवर गावाचं नाव, एवढंच डोक्यात आहे. कोरडवाहू शेतकऱ्याला कडब्यापलीकडे दोन पैसे त्यातून सुटले तर कुणाला नको आहेत?

ज्वारीला मोड आणून वाळवायचं काम कुणी मोठ्या प्रमाणावर केलं असेल, आंबीलवाले, बेबी फूडवाले, कृषी महाविद्यालयातले कुणीही, तर मला मेसेज करा. मालदांडीला मोड किती तासांत येतात आणि आपल्या उन्हाळ्यात ते आंबट न होता कसे वाळवायचे, हे मला शिकायचंय.