'असलं आता कुठे राहिलंय?' : 'स्थळ'वरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

मुलगी पाहायच्या कार्यक्रमांवरच्या 'स्थळ' या मराठी सिनेमावर मी लिहिलेल्या लेखाखाली परवा रात्री एक प्रतिक्रिया आली. नाव नाही, नुसतं 'एक सिनेरसिक'. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळी होणार होते, पण दोन दिवस ती डोक्यातून जाईना, म्हणून हे वेगळं लिहितेय. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी जशीच्या तशी देते:

"मॅडम, सिनेमा कळत नसेल तर लिहू नये. पुण्यात बसून विदर्भासाठी गळे काढणं सोपं असतं. पाट मांडून मुलगी दाखवणं वगैरे असलं आता कुठे राहिलंय? आता मुलीच मुलांना नाकारतात. तोच तोच सीन फिरवून दाखवलाय, नुसता वेळकाढूपणा. परदेशी महोत्सवांना आपली गरिबी विकायचा धंदा आहे हा. थिएटर रिकामं होतं, त्यातच सगळं आलं. आणि ती भाषा वऱ्हाडी नाही, आधी भूगोल शिका."

आधी बोलण्याच्या रीतीबद्दल. मी इथे नऊ वर्षं लिहितेय. वाचणारे ताई म्हणतात, नावाने हाक मारतात, काही जणी अगं-तुगं करतात, मला कशाचंच वावडं नाही. पण तुमच्या 'मॅडम'मध्ये आदर कुठे आहे? पुढचा अपमान गुंडाळायला घेतलेला कागद आहे तो. 'कळत नसेल तर लिहू नये' हे वाक्य बाईच्या लेखाखाली जितक्या सहज टाकलं जातं तितकं पुरुषाच्या लेखाखाली मला आजवर दिसलेलं नाही. मागच्या वर्षी एका मारधाडीच्या हिंदी सिनेमावर वाईट लिहिलं तेव्हाही हेच ऐकून घ्यावं लागलं होतं. तुम्हाला 'स्थळ' आवडला नाही, ठीक आहे. का आवडला नाही ते लिहा, मी वाद घालेन, पटलं तर तसं सांगेनही. पण मला तो कळलाच नाही हे तुम्ही कशावरून ठरवलंत? माझ्या लेखातलं एक तरी वाक्य उचलून दाखवायचंत.

एक चूक माझी आहे आणि ती मी लगेच मान्य करते. लेखात मी सिनेमातल्या बोलीला 'वऱ्हाडी' म्हटलं होतं. सिनेमा घडतो चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात. वऱ्हाड म्हणजे अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ, वाशिम. त्यात चंद्रपूर येत नाही. पुण्यात विदर्भाची कुठलीही बोली कानावर पडली की लोक 'वऱ्हाडी' म्हणून मोकळे होतात, आणि चौदा वर्षं इथे राहून ती सवय मलाही लागली. मी हिंगणघाटजवळच्या एका खेड्यातली, म्हणजे वर्धा जिल्ह्यातली. आमच्या बोलीला कुणी वऱ्हाडी म्हटलं तर मीच दुरुस्त करत असे. लेखातला शब्द काल बदलला आहे. त्याबद्दल आभार.

आता तुमचं ते एक वाक्य. 'असलं आता कुठे राहिलंय?' बाकी सगळं मी सोडून दिलं असतं, हे सोडवत नाही.

मला पाहायला पहिले पाहुणे आले ते २००५ च्या दिवाळीनंतर. पुढच्या खोलीत जवळजवळ आढ्यापर्यंत कापूस भरलेला होता, भाव चढेल म्हणून बाबांनी राखलेला, त्यामुळे बैठक ओसरीवर. आईने पाट मांडला. तो आजीच्या लग्नातला पाट, एका पायाला चीर गेलेली, डावीकडे भार पडला की डुगडुगायचा. म्हणून मी उजवीकडे झुकून बसले. समोर सात पुरुष. पूर्ण नाव सांग. जन्मतारीख. शिक्षण किती. विषय कोणते. उंची. मामकुळ कोणतं. मग मधल्या एकाने म्हटलं, जरा उभी राहून दाखव. मी उभी राहिले, बसले, पुन्हा उजवीकडे झुकले. चार दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला: मुलगी जरा वाकडी बसते, पाठीत काही दोष आहे का?

आईने पाट बदलला नाही. तिला वाटलं, मला बसायची सवय व्हायला हवी. तीन वर्षांत अकरा वेळा मी त्याच पाटावर बसले, आणि नंतरनंतर पोटातला श्वास धरून सरळ बसायला शिकले. प्रत्येक वेळी जाताना पाहुण्यांनी हातावर पैसे ठेवले. कुणी एक्कावन्न, कुणी एकवीस, एकाने शंभराची नोट. त्या पैशांतून मी एम.ए.च्या परीक्षेचा फॉर्म भरला. हे मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं, लिहायचंही नव्हतं. पण पुण्यात बसून गळे काढते असं म्हणालात, म्हणून सांगावं लागतंय की मी पुण्यात बसायच्या आधी कुठे बसले होते.

तुम्ही म्हणाल, हे झालं वीस वर्षांपूर्वीचं, माझंच म्हणणं खरं ठरलं. म्हणून गेल्या डिसेंबरातलं सांगते. माझी भाची बी.एस्सी. नर्सिंग झाली आहे, नोकरी करते. बायोडाटा व्हॉट्सॲपवर गेला, फोटो गेले, पत्रिका गेली. पाहुणे चारचाकीने आले. पाट नव्हता, सोफा होता. पोह्यांच्या जोडीला समोसे होते. आणि प्रश्न? पूर्ण नाव सांग. जन्मतारीख. उंची. मामकुळ. उंची बायोडाट्यात लिहिलेली असताना मुलाची बहीण उठून तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि आईकडे बघून म्हणाली, "फोटोत उंच वाटली होती." वीस वर्षांत दोन प्रश्न नवे आले: पगार हातात किती येतो, आणि गरज पडली तर नोकरी सोडशील का. हुंड्याचं नाव कुणी काढलं नाही. "आम्हाला काही नको, फक्त दोन्हीकडचं लग्न तुम्ही लावून द्या," एवढंच म्हणाले. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ चा आहे, आणि २०२२ या एका वर्षात देशात हुंडाबळीच्या सहा हजारांवर घटना नोंदल्या गेल्या. 'आता कुठे राहिलंय' या प्रश्नाचं उत्तर पोलिसांच्या नोंदवहीतही आहे, माझ्या बहिणीच्या घरातही आहे.

'स्थळ'मधली सविता बीएला आहे. वर्गात तिला स्त्री-सक्षमीकरण शिकवलं जातं आणि घरी पाट मांडलेला असतो. तिच्या बापाचा सगळा हिशेब कापसावर. तो हिशेब मला कुणी समजावून सांगायला नको. आमच्याकडे लग्नाची तारीख पंचांगाच्या आधी कापसाच्या भावावर ठरते. २०२२ च्या सुरुवातीला भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता, तेव्हा गावात अडून राहिलेली किती लग्नं एका उन्हाळ्यात उरकली! २०२४-२५ च्या हंगामात मध्यम धाग्याचा हमीभाव होता ७,१२१ रुपये, आणि खासगी व्यापाऱ्याचा भाव बहुतेक वेळा त्याच्याही खाली. सविताचा बाप कापूस विकावा की राखावा या पेचात पडतो तेव्हा मला आमची पुढची खोली दिसत होती आणि अंगाला ती कापसाची खाज सुटली होती. हे तुम्हाला रडणं वाटत असेल तर माझा इलाज नाही.

मुलीच मुलांना नाकारतात, हे तुमचं म्हणणं मी खोटं म्हणणार नाही. शेती करणाऱ्या मुलांची लग्नं जमत नाहीत हे मला माझ्या दोन चुलत भावांमुळे ठाऊक आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून मोर्चा काढला होता, त्यावर हसणाऱ्यांत मी नव्हते. पण २००१ च्या जनगणनेत आपल्या राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली ९१३ होत्या, २०११ मध्ये ८९४. ज्या मुली आज मिळत नाहीत म्हणून ओरड आहे त्यांच्यातल्या कितीतरी जन्मालाच येऊ दिल्या नाहीत, आणि ज्या आल्या त्यांना आजही सोफ्यावर बसवून उभं राहून दाखव म्हणतात. मुलगी नकार देऊ लागली म्हणून तिला पाहायची पद्धत बदलली, असं कसं होईल? माझ्या भाचीने त्या स्थळाला नकार दिला. तरी ती दोन दिवस आरशासमोर उभी राहून उंची बघत होती.

बाकीच्या मुद्द्यांवर फार लिहीत नाही. तोच सीन पुन्हा पुन्हा येतो म्हणता, तो तोच नाही. प्रश्न तेच आहेत, सविता दर वेळी वेगळी आहे. तिच्या मानेकडे आणि हातांकडे पाहिलं असतंत तर दिसलं असतं. शिवाय सुरुवातीच्या स्वप्नात बायका पाहुण्या बनून येतात आणि मुलगा त्यांच्यासमोर मान खाली घालून बसतो. ते पाहून प्रेक्षक हसतात. मग तेच प्रश्न सविताला विचारले जातात आणि कुणी हसत नाही. माझ्या मागच्या रांगेतल्या काकू दुसऱ्या वेळी प्रश्नांची उत्तरं सविताच्या आधी पुटपुटत होत्या. याला वेळकाढूपणा म्हणतात?

गरिबी विकायच्या आरोपावर एवढंच, की दिग्दर्शक जयंत सोमलकर त्याच भागातले, सिनेमा त्यांनी स्वतःच्या गावात केला, गावातलीच माणसं घेऊन, ज्यांनी आधी कधी कॅमेऱ्यासमोर काम केलेलं नव्हतं. २०२३ मध्ये टोरंटोच्या महोत्सवात त्याला आशियाई सिनेमासाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला, आणि आपल्या थिएटरांत यायला ७ मार्च २०२५ उजाडला. आपल्या माणसांना तो आधी दाखवायला नको का, असा राग तुम्हाला आला असता तर मी तुमच्या बाजूने उभी राहिले असते. थिएटर रिकामं होतं हे खरं. मी गेले त्या खेळाला आम्ही अकरा जण होतो. पण तो खेळ कामाच्या दिवशी दुपारी होता, संध्याकाळचे खेळ जवळपास सगळे 'छावा'ला होते, आणि पुढच्या आठवड्यात आमच्या भागातून 'स्थळ' निघूनही गेला. संध्याकाळी खेळच नसेल तर नोकरी करणाऱ्या माणसाने तो नाकारला असं म्हणता येत नाही.

शेवट कसा वाटला ते मात्र तुम्ही लिहिलंच नाहीत. सिनेमा पूर्ण पाहिलात ना? हा प्रश्न मी कुणाला विचारत नाही, तुम्ही मला भूगोल शिकायला सांगितलात म्हणून विचारते. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी इथे सांगणार नाही, पण जे शेवटापर्यंत बसले ते त्यावर बोलल्याशिवाय राहत नाहीत, मग आवडलेला असो की नसो.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुढे लिहायचं असेल तर नाव घालून लिहा. येत्या रविवारी भाचीकडे पुन्हा पाहुणे यायचे आहेत आणि बहिणीने मला बोलावलं आहे. त्या बैठकीत मी मुलाला उभं राहायला सांगणार आहे, उंची बघायला. बहिणीला तसं आधीच कळवलंय. ती अजून काही बोलली नाही.