वारकरी मोजायला चाललोय

"उद्या पहाटे वारकरी मोजायला चाललोय," असं घरी सांगितलं तर आईनं हातच जोडले. पौष महिना, निवृत्तिनाथांची यात्रा तोंडावर आलेली. तिला वाटलं, पोरगा अखेर मार्गाला लागला, त्र्यंबकला सेवेला निघाला. दिंडीला वाटायला राजगिऱ्याच्या लाडवांची पिशवी भरली. वारकरी हे पाणपक्ष्याचंही नाव आहे, अंगानं काळाकुळकुळीत आणि कपाळावर पांढरा टिळा, हा खुलासा केल्यावर लाडू मुकाट्यानं परत डब्यात गेले.

नाशिकच्या सिडकोतून निघालो तेव्हा नुसती थंडी होती. निफाड आल्यावर ती आपल्या माहेरी आल्यासारखी वागायला लागली. द्राक्षबागांत शेकोट्या पेटलेल्या. घडांची काळजी घेणारं कोणीतरी होतं.

नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, २०१९ सालचं. चापडगावच्या मनोऱ्यावरून बघितलं तर पाणी कमी आणि वारकरी जास्त.

"आधी दहा नीट मोजा," पक्षिगणना घेणारे सर म्हणाले. "ते केवढी जागा घेतात ते डोळ्यांत धरा आणि तेवढे तुकडे पाडत पुढे सरका."

पहिले दहा धरले. त्यातल्या दोघांनी बुडी मारली. वर आले तिघं. आता हा तिसरा कुठला? हिशेब जुळवेपर्यंत बाजूचं हळदीकुंकू बदक मधे घुसलं. तरी नेटानं सहाशेपर्यंत पोचलो, आणि दलदली ससाण्यानं वरून एक चक्कर मारली. वारकऱ्यांना नीट उडता कुठं येतंय पटकन! पंख फडफडवत सगळे पाण्यावरून धावत सुटले. रिंगणच. माझे सहाशे त्यात विरघळले.

शेवटी माझा आकडा आला १२४०. शेजारच्या कॉलेजकुमाराचा १९००. मी शरमेनं वही मिटायला लागलो, तर सर शांत.

"अहो, पाणपक्ष्यांची ही गणना १९८७ पासून दर जानेवारीत आशियाभर चालते. पक्षी वाढले का घटले हे कळायला जागा तीच हवी, वेळ तीच, पद्धत तीच. जमलं तर माणूसही तोच. तुम्ही दरवर्षी कमीच मोजत असाल तरी चालेल, पण मग दरवर्षी तेवढंच कमी मोजा."

सारखंच चुकणं! बावीस वर्षांच्या नोकरीत माझ्या या गुणाची कोणी दखल घेतली नव्हती. मी भारावून मान डोलावली, तेवढ्यात सरांनी पुढच्या जानेवारीच्या यादीत माझं नाव लिहूनही टाकलं. पेनानं.

घरी आलो. आईनं विचारलं, "किती होते रे?"

"बाराशे चाळीस. नाहीतर एकोणीसशे."

"बरं झालं बाई," ती म्हणाली, "लाडू नेले नाहीस. पुरलेच नसते."