सरितातीरी अकरा लिटर दूध

आमच्या बिल्डिंगच्या मागून दहिसर नदी वाहते. हे वाक्य मी फक्त माहेरच्या लोकांना सांगते. रिक्षावाल्याला "भैया, नाले के बाजूवाली बिल्डिंग" असंच सांगावं लागतं, नाहीतर तो बिचारा नदी शोधत शोधत पार वसईपर्यंत जाईल आणि मीटरचे पैसे माझ्या बोडक्यावर. फ्लॅट विकताना बिल्डरने मात्र 'रिव्हर फेसिंग' छापलं होतं आणि त्याचे वेगळे पैसे लावले होते, आणि आम्ही ते दिलेही, कारण आम्ही जागा बघायला आलो तो ऑगस्ट महिना होता, बोरिवलीच्या नॅशनल पार्कात धो धो पाऊस चालू होता आणि नदी खरोखर नदीसारखी दिसत होती. ताबा मार्चमध्ये मिळाला.

आता सोसायटीत याचे नियम पक्के झालेत. महापालिकेला तक्रार लिहायची असेल तर नाला. डेंग्यूचा पेशंट निघाला तर नाला. कुणाला फ्लॅट विकायचा असेल तर लगेच नदी. आणि सण आला की नुसती नदीसुद्धा नाही, डायरेक्ट सरिता.

तर यंदा नोटीस बोर्डावर लागलं, "कोजागिरी पौर्णिमा गच्चीवर न करता सरितातीरी साजरी करण्याचे योजिले आहे." योजिले वगैरे काही नव्हतं हो, गच्चीवर वॉटरप्रूफिंगचं काम चालू होतं आणि कॉन्ट्रॅक्टरने सांगितलं होतं की पंधरा दिवस वर मांजरसुद्धा फिरकता कामा नये. पण आमच्या सेक्रेटरी काकांना आलेल्या अडचणीला अत्तर लावून सादर करायची सवय आहे.

मीटिंगला मी गेले नव्हते, नवरा गेला होता. तिथे दुधाचा विषय निघाला, सगळे मोबाईलमध्ये बघायला लागले, आणि आमच्या माणसाने हात वर केला. "आमची करेल की. तिच्या हाताला चव आहे." लग्नाला अठरा वर्षं झाली, हे वाक्य मला तोंडावर एकदाही ऐकायला मिळालेलं नाही, बेचाळीस फ्लॅटच्या मीटिंगमध्ये मात्र मिनिट्समध्ये नोंदवून आला. पंचाहत्तर माणसं, माणशी एक छोटा ग्लास, म्हणजे अकरा लिटर. हिशोब खजिनदारांचा, हात माझा.

दूध तबेल्यातलंच हवं असा सासूबाईंचा हट्ट, पिशवीच्या दुधाला साय धरत नाही म्हणून. तबेला म्हणजे नदीच्याच काठावर, दोन पूल सोडून. आता यात एक नाजूक भानगड अशी की तबेल्यातलं शेण नदीत सोडतात म्हणून आमच्या सोसायटीने लेटरहेडवर चार तक्रारी केलेल्या आहेत, आणि पाचवी टाईप होऊन सहीसाठी पडलीय. मी किटल्या घेऊन गेले तर तबेल्यावाल्या भैयाने एकच प्रश्न विचारला, "आप वही बिल्डिंगवाली ना?" मी म्हटलं नाही, मी बाजूच्या बिल्डिंगची. मग त्याने दूध मोजलं. पाणी किती घातलं ते विचारायची माझी काय टाप!

अकरा लिटर दूध आटवणं हे ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल, बाकीच्यांनी पुढचा परिच्छेद वाचला तरी चालेल. भंडाऱ्याचं मोठं पातेलं आमच्या शेगडीवर बसेना, एका बाजूला कुकरची रिंग आणि दुसऱ्या बाजूला जुना खलबत्ता टेकू लावून ते दोन बर्नरवर उभं केलं, आणि मी दुपारी तीनपासून उलथनं घेऊन त्याच्यासमोर अशी उभी होते की जणू ते पातेलं पळूनच जाणार आहे. सासूबाई बाजूला खुर्ची टाकून वेलच्या सोलत सूचना देत होत्या. केशर झालं, चारोळी झाली, बदाम-पिस्त्याचे काप झाले आणि मग त्यांनी अख्खं जायफळ किसायला घेतलं. मला कायम प्रश्न पडतो, रात्री लक्ष्मी 'को जागर्ति' विचारत फिरते म्हणून जागायचं, आणि प्यायचं काय, तर जायफळ घातलेलं गरम दूध! बाळाला झोप यावी म्हणून आपण तेच चाटवतो ना? हा कार्यक्रम नक्की कुणी आखला असेल?

सासूबाई दहिसर गावठाणातल्या. त्यांना नाला म्हटलेलं अजिबात चालत नाही. किसता किसता त्यांचं सुरू झालं, की याच नदीवर आम्ही गोधड्या धुतल्यात, फडक्यात मासे धरलेत, पलीकडे सिनेमाचं शूटिंग असायचं तर कपडे तसेच टाकून हिरॉइन बघायला पळालोय. मी हे सगळं शंभर वेळा ऐकलंय. पण एक सांगते, ते खोटं नाही. रविवारी आम्ही नॅशनल पार्कात जातो तेव्हा तिथे हीच नदी दगडांवरून अशी स्वच्छ खळखळत येते की माझ्या धाकट्याने विचारलं, "ही कुठली नदी गं?" म्हटलं, "आपलीच." तो म्हणाला, "खोटं." तुळशी तलावापाशी उगम, मनोरीच्या खाडीत शेवट, सगळा मिळून जेमतेम बारा किलोमीटरचा प्रवास. म्हणजे बोरिवलीहून अंधेरी लोकलने गाठावी इतकंच अंतर, आणि त्या बारा किलोमीटरमध्ये सकाळी इस्त्रीच्या शर्टातल्या माणसाचं जे होतं तेच हिचं होतं.

गणपतीसुद्धा पूर्वी इथेच जायचे. आमच्या कंपाउंडला मागे एक लोखंडी गेट आहे, तिथून पायऱ्या उतरून विसर्जन व्हायचं. नंतर कृत्रिम तलाव आले, तर पहिल्या वर्षी सासूबाई दीड दिवस रुसल्या होत्या, "बाप्पाला काय टाकीत बुडवायचं?" 2025 मध्ये तर हायकोर्टानेच सांगितलं की सहा फुटांपर्यंतच्या पीओपीच्या मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करायच्या. आमचा बाप्पा शाडूचा आणि नऊ इंचांचा, म्हणजे त्याचा या कशाशी संबंध नाही, तरी आम्ही त्याला टाकीतच नेतो. कारण एका वर्षी सासूबाई स्वतः गेट उघडून पायऱ्या उतरल्या, पाण्याकडे बघितलं, बाप्पाकडे बघितलं आणि काही न बोलता वर आल्या.

आता सरितातीर म्हणजे काय ते सांगते. 2005 च्या 26 जुलैला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, सगळ्या चॅनलवर मिठी नदी, मिठी नदी चाललं होतं, तेव्हा इकडे दहिसर नदीसुद्धा लोकांच्या घरात शिरली होती, पण तिला कोण विचारतो? पोईसर आणि ओशिवरा या नद्यांना तर त्याहून कुणी विचारत नाही. त्यानंतर काठाने उंच भिंती झाल्या. त्यामुळे सरितातीरी बसलं की सरिता दिसत नाही, नुसती येते. वासाने.

संध्याकाळी सातला खुर्च्या लागल्या, हॅलोजन लागला. लग्नात दारात अत्तर लावतात तसं आमच्याकडे बी विंगच्या वहिनी प्रत्येकाच्या मनगटाला ओडोमॉस लावत होत्या. सेक्रेटरी काकांचं भाषण झालं, मग हाऊजी झाली, तिच्यात टॉप लाईनवरून ए विंग आणि सी विंगमध्ये जे झालं ते मी इथे लिहीत नाही, सामोपचाराने मिटवायचं चाललंय. मग सी विंगचे कविवर्य उठले. त्यांनी खास नदीवर कविता केली होती, अकरा कडवी. पहिल्या कडव्यात नदी आई, दुसऱ्यात सखी, तिसऱ्यात परत आई. सातव्या कडव्यात "सुगंधित शीतल वारा" आला आणि नेमका त्याच क्षणी खरा वारा फिरला. शंभर टक्के सांगते, आख्खी पहिली रांग पदराला नाक लावून बसली आणि कविवर्यांना वाटलं बायका गहिवरल्या. त्यांनी ते कडवं वन्स मोअर घेतलं.

दहाला स्पीकर बंद. आणि चंद्र म्हणे बाराला डोक्यावर येणार. म्हणजे दोन तास करायचं काय? तर अंताक्षरी, पण हळू आवाजात. समोरच्या टॉवरमधला एक गृहस्थ लगेच 100 नंबर फिरवतो म्हणून. चाळीस माणसं कुजबुजत लावणी म्हणतायत हे तुम्ही कधी ऐकलंय का? एखाद्या मयताला आलेल्या लोकांनी ठेका धरावा तसं वाटतं. त्यात जायफळाचा पहिला राउंड पोटात गेलेला, निम्मे काका माना टाकून बसले होते. लक्ष्मी आली असती तर हजेरी घेऊन तशीच परत गेली असती.

दुधात चंद्र बघून नैवेद्य दाखवायचा असतो. पातेल्यावर डास पडू नयेत म्हणून मी जाळी टाकली होती, ती काढली, सगळ्या वाकून बघायला लागल्या. दिसला, दिसला! गोल, पिवळा, लख्ख. हात जोडले, चंद्राला अक्षता वाहिल्या, कुणीतरी आरती सुरू केली (कुजबुजत), आणि तेवढ्यात वॉचमनने बिल वाढतं म्हणून हॅलोजन बंद केला. दुधातला चंद्र गेला. खरा चंद्र अजून समोरच्या टॉवरच्या नवव्या मजल्यामागे होता. असो, हॅलोजनला नैवेद्य पोचला.

आणि त्या अंधारात मागच्या गेटपलीकडून आवाज आला. खोल श्वास घेतल्यासारखा, मग पाण्यात काहीतरी जड हलल्यासारखा.

"बिबट्या," कुणीतरी म्हणालं.

आमच्याकडे या शब्दाला दुसऱ्यांदा म्हणावं लागत नाही. 104 चौरस किलोमीटरचं नॅशनल पार्क पाठीशी आहे, तिथले बिबटे रात्री कुत्र्यांसाठी वस्तीत येतात, त्याचे सीसीटीव्हीचे व्हिडिओ महिन्यातून एकदा ग्रुपवर फिरतात. पुढचं अर्धं मिनिट मला नीट आठवत नाही. खुर्च्या पडल्या. कविवर्य, जे मगाशी गुडघे दुखतात म्हणून बसून कविता वाचत होते, ते लिफ्टची वाट न बघता जिन्याने गेले. माझा नवरा धाकट्याला घेऊन पळाला, हे बरोबरच, पण जाताना मला ओरडून म्हणाला, "दुधावर झाकण ठेव!"

राहिलो मी, पातेलं आणि सासूबाई. त्यांना पळता येत नाही. त्या म्हणाल्या, "हात दे गं," आणि माझा मोबाईल घेऊन सरळ गेटकडे निघाल्या. मी मागून त्यांचा पदर धरून, तोंडात रामरक्षा, तीही चुकीची. त्यांनी गजांमधून टॉर्च मारला.

पाण्यात म्हैस होती. तबेल्यातून सुटून आलेली, गळ्यापर्यंत बुडून, डोळे अर्धे मिटून निवांत डुंबत होती. टॉर्चकडे तिने एकदा बघितलं आणि कान हलवून परत डोळे मिटले. आणि आता बरोब्बर तिच्या शिंगांच्या मागे पाण्यात खरा चंद्र पडला होता. संध्याकाळभर आम्ही जो सोहळा करत होतो तो ही बया विनावर्गणी करत होती. सासूबाई बराच वेळ बघत उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, "काय सुख आहे बघ." थोड्या वेळाने म्हणाल्या, "दूध हिचंच असेल का गं?"

वर जाऊन म्हैस आहे असं सांगितलं तरी कुणी खाली आलं नाही. बरंच दूध उरलं. दुसऱ्या दिवशी त्याची बासुंदी, तिसऱ्या दिवशी त्याच्यात कणीक भिजवून दशम्या, आणि ऑफिसमध्ये मी टिफिन उघडला की शेजारची मैत्रीण म्हणते, तुमच्यात कोणाचं बारसं आहे का.

आत्ता हे टाईप करत असताना सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आलाय. "सरितातीरी कोजागिरीच्या उदंड यशानंतर, त्रिपुरी पौर्णिमेला 108 दिव्यांचे दीपदान. कणकेचे दिवे आणि वाती करण्याची जबाबदारी कोण स्वीकारेल?" सगळ्यांनी वाचलंय, निळ्या टिक आल्यात, उत्तर कुणाचंच नाही. आणि वर नवऱ्याचं नाव दिसतंय, खाली 'टायपिंग'. तो बेडरूममध्ये आहे. मी किचनमध्ये. थांबा, आले.