तीन सिलिंडर म्हणजे दुबळी गाडी? नव्या स्विफ्टबद्दल खुलासा

‘नव्या स्विफ्टला तीनच सिलिंडर आहेत, घाटात दम टाकेल, घेऊ नका’ असा मेसेज फिरतोय. गाडी न चालवताच हा निकाल लावला जातोय, आणि तो चुकीचा आहे.

मे 2024मध्ये आलेल्या स्विफ्टमध्ये 1.2 लिटरचं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आहे; आधीच्या गाडीत चार सिलिंडर होते, हे खरं. ताकदही सुमारे 90 पीएसवरून 82 पीएसवर आली. पण घाटात महत्त्वाचा असतो तो टॉर्क, म्हणजे इंजिनाचा चाकं फिरवण्याचा जोर, आणि तो 113 न्यूटन-मीटरवरून 111.7 झालाय. हा फरक पायाला जाणवण्याजोगा नाही. ताकदीची घट जाणवलीच तर इंजिन पिळून हायवेवर ओव्हरटेक करताना.

1983 साली आलेली मारुती 800सुद्धा तीन सिलिंडरचीच होती. तिनं किती संसार महाबळेश्वरला चढवून नेले!

थरथरीची तक्रार मात्र उडवून लावू नये. चार सिलिंडरमध्ये क्रँकशाफ्टच्या (इंजिनातल्या फिरत्या मुख्य दांड्याच्या) दर 180 अंशांना स्फोट होतो, तीनमध्ये 240 अंशांना; म्हणजे धक्के जास्त अंतरानं येतात आणि वेगळे जाणवतात. शिवाय तीन सिलिंडरच्या इंजिनाची दोन टोकं सी-सॉसारखी वर-खाली डोलू पाहतात. म्हणून शोरूममध्ये इंजिन थंड असतानाच गाडी सुरू करायला सांगा, एसी लावा, गिअरच्या दांड्यावर हात ठेवून बसा. मग घरची चार माणसं बसवून एखादा चढ दुसऱ्या गिअरमध्ये चढा. मॅन्युअलला कंपनी 24.8चं मायलेज सांगते, तो चाचणीतला आकडा आहे. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये तेवढं धरून चालू नका.