लाल दोऱ्यातली तीन नाणी आणि मावशीचा हप्ता

परवा मावशीचा फोन आला, "नाणी आली गं. तिजोरीत कुठल्या बाजूला ठेवायची तेवढं येऊन सांग." कुठली नाणी म्हणून विचारलं, तर तिने तो मेसेजच पाठवला. तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल: चीनच्या पाच सम्राटांची ५००० वर्षं जुनी सिद्ध नाणी, तीन नाणी लाल दोऱ्यात बांधून तिजोरीत ठेवा, ९० दिवसांत कर्ज फिटेल. मधलं चौकोनी भोक म्हणे लक्ष्मीला धरून ठेवतं. चीनमध्ये ही घरोघरी असतात, म्हणूनच तो देश श्रीमंत झाला. मावशीने यासाठी २१०० रुपये मोजले, आणि ते तिच्या बचत गटाच्या हप्त्याचे होते. म्हणून हे लिहायला बसले.

५००० वर्षांचं आधी संपवते. मधे चौकोनी भोक असलेलं गोल नाणं सगळ्या चीनमध्ये चालू झालं ते छिन सम्राटाने इ. स. पूर्व २२१ मध्ये देश एका छत्राखाली आणल्यावर. म्हणजे साधारण २२०० वर्षं. आणि मेसेजमधले 'पाच सम्राट' तर छिंग घराण्यातले चीनवर राज्य करणारे पहिले पाच, शुन्झी ते ज्याचिंग, काळ १६४४ ते १८२०. आपल्याकडे शिवरायांपासून पेशवाई बुडेपर्यंतचा काळ तो.

बरं, मावशीची नाणी त्या काळातली तरी आहेत का? मी तिच्या फ्रिजवरचा चुंबक काढून नाण्यांजवळ नेला. तिन्ही टकाटक येऊन चिकटली. या सम्राटांची रोजच्या वापरातली नाणी पितळेची असत, आणि पितळ चुंबकाला चिकटत नाही. वरचा पिवळा मुलामा एका कडेला खरवडला, तर आत करडं लोखंड. मावशी काही बोलली नाही, नाणी पुन्हा पिशवीत घालून ठेवली. त्या पाचांपैकी चियानलोंग सम्राटाचं खरं नाणंसुद्धा दुर्मिळ नाही. ती अफाट संख्येने पाडली गेली, त्यामुळे साधं नाणं संग्राहकांच्या बाजारात आजही काहीशे रुपयांच्या आत मिळतं.

चौकोनी भोकाबद्दल सोंग यिंगशिंग या चिनी पंडिताचंच ऐका. कारागिरीवरचा त्याचा ग्रंथ १६३७ मध्ये छापला गेला, त्याचं इंग्रजी भाषांतर मिळतं. त्यात नाणी कशी ओतायची ते पायरीपायरीने सांगितलं आहे. लाकडी चौकटीत बारीक माती आणि कोळशाची पूड दाबायची, तिच्यावर नमुन्याच्या नाण्यांचे ठसे उठवायचे, वितळलेला धातू ओतायचा. तांबं दहात सहा-सात भाग, बाकी जस्त. ओतलेल्या नाण्यांच्या कडा खरखरीत निघतात, म्हणून शेकडो नाणी एका दांड्यात ओवून एकदम कानशीने घासायची. भोक चौकोनी असलं की चौकोनी दांड्यावर नाणं फिरत नाही, घासणं सोपं जातं. पुढे तीच नाणी त्याच भोकातून दोरीत ओवायची, हजाराची एक माळ. आकाश गोल आणि पृथ्वी चौकोनी ही चिनी कल्पना खरंच जुनी आहे आणि नाण्याचा आकार तिच्याशी जोडला जातो, हे मान्य. पण लक्ष्मीला धरून ठेवण्याचा तिच्याशी संबंध नाही.

आणि ते "म्हणूनच चीन श्रीमंत झाला". हे वाचून माझा संताप झाला. अहो, ही नाणी तिजोरीत जपायची वस्तू नव्हती, तो रोजचा चलनी पैसा होता. भाजीवाल्यापासून हमालापर्यंत सगळ्यांच्या कनवटीला होता. १८७६ ते १८७९ च्या दुष्काळात उत्तर चीनमध्ये जवळजवळ एक कोट माणसं मेली, त्यांच्याही घरात हीच नाणी होती. शेतकरी माल विकून ही नाणी कमवायचा आणि सारा मात्र चांदीच्या हिशेबाने भरायचा. आधी चांदीच्या सुमारे तीन तोळे वजनाच्या मापाला, ज्याला ताएल म्हणत, साधारण हजार नाणी पुरत. १८४० च्या दशकात दीड ते दोन हजार लागू लागली. पीक तेवढंच, सारा दुपटीजवळ. माळा भरून नाणी जवळ असलेला माणूस कर्जात बुडत होता, आणि आमच्या मावशीचं कर्ज तीन नाण्यांनी फिटणार?

लाल दोऱ्याचं मात्र निम्मं खरं आहे, तेवढं कबूल करते. चिनी नववर्षाला वडीलधारी माणसं मुलांना लाल दोऱ्यात ओवलेली नाणी देत. मुलांवरचं अरिष्ट टळावं ही त्यामागची भावना, आपल्या ओवाळणीसारखी माया. पोरंही त्या नाण्यांशी खेळत. नाण्याच्या भोकात कोंबड्याची पिसं खोचून ते पायाने हवेत उडवत ठेवायचा ज्यानझी हा खेळ आजही तिथल्या बागांमध्ये म्हातारी माणसं खेळतात. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकसाठी काढलेल्या १० युआनच्या चांदीच्या स्मारक नाण्यांत हा खेळही आहे. पतंग उडवणारी मुलंही त्या मालिकेत आहेत. चिनी नाण्याची आवडच असेल तर असं काही बघावं, मुलांना दाखवावं.

९० दिवसांच्या हमीबद्दल विक्रेत्याला फोन केला. "श्रद्धा कमी पडली असेल," म्हणाला, आणि पैसे परत मिळणार नाहीत. मावशीच्या गटाची बैठक शुक्रवारी आहे. हप्त्याचे पैसे मी घालते आहे आणि तिच्याबरोबर जाणार आहे. गटातल्या आणखी दोघींनी ही नाणी मागवली आहेत, म्हणून चुंबक पर्समध्ये टाकला आहे.